झाडावरचा माणूस आणि दोरीची गाठ

(नगरपालिकांचे उद्यान-कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माहिती अधिकाऱ्याने शासकीय योजनांविषयी बोलावे, दोरीच्या गाठीविषयी बोलण्याचे त्याला काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रयोजन असे आहे. पावसाळा तोंडावर आला की गावोगावी वृक्षछाटणीच्या कामांना वेग येतो. विजेच्या तारांवर आलेली फांदी, शाळेच्या कौलांवर झुकलेला आंबा, रस्त्यावर लोंबकळणारे वाळके लाकूड यांची यादी तयार होते, दर ठरतात, आदेश निघतात. या कागदपत्रांत झाडाची नोंद असते, फांदीची असते, लाकडाच्या विल्हेवाटीचीही असते. झाडावर जो माणूस चढावयाचा आहे तो कशाच्या आधाराने चढणार, ही नोंद मात्र माझ्या पाहण्यात क्वचितच आली. युरोप-अमेरिकेत या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी गिर्यारोहक, कामगार आणि कारागीर यांनी गेली नव्वदांहून अधिक वर्षे खर्ची घातली. त्या उत्तराच्या केंद्रस्थानी एक लहानशी गाठ आहे. तिची कथा मी आज आपणांस सांगणार आहे.

प्रथम ही गाठ म्हणजे काय ते पाहू. आपण नित्य मारतो त्या गाठी एकदा घट्ट झाल्या की जागच्या हलत नाहीत. ही गाठ तशी नाही. जाड दोराभोवती बारीक दोरीचे काही वेढे घातले आणि त्यावर भार नसला, तर ते वेढे हाताने वर-खाली सहज सरकतात. परंतु त्याच बारीक दोरीला माणसाने आपले वजन दिले की वेढे आवळले जातात आणि गाठ जाड दोराला जागच्या जागी पकडून धरते. वजन काढले की पुन्हा मोकळी. ही करामत घर्षणाची आहे, म्हणून आपण तिला घर्षणगाठ म्हणू.

घर्षणाचे हे सामर्थ्य आपल्या लोकांना अनोळखी नाही. धक्क्याला लागलेल्या गलबताचा दोर खुंटाभोवती दोन-तीन वेढे घेऊन एकटा खलाशी एका हाताने धरून ठेवतो, हे कोकणातील माणसाने पाहिलेले आहे. दोरीच्या मल्लखांबावर खेळाडू कोठेही गाठ मारीत नाही; दोर अंगाभोवती असा वेढून घेतो की त्याचे स्वतःचे वजनच त्याला वर अडकवून ठेवते. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजनांसाठी याचा हिशेबही सांगतो. खुंट आणि दोर यांतील घर्षणाचा गुणांक पाव, म्हणजे ०.२५ धरला, तर एका वेढ्याने धरणाऱ्याचा जोर सुमारे पाचपट होतो. दुसऱ्या वेढ्याने तो दहापट होईल असे वाटते; प्रत्यक्षात तो सुमारे तेवीसपट होतो आणि तिसऱ्या वेढ्याने एकशे दहापटींच्या वर जातो. वेढे बेरजेने वाढतात, पकड गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने हे सूत्र मांडले. दोराभोवती दोर असला म्हणजे गणित इतके सरळ राहत नाही, कारण तेथे वेढे स्वतःच आवळत जातात. तथापि एक वेढा कमी पडला तर माणूस घसरतो आणि एक अधिक झाला तर गाठ जागची हलत नाही, हे ध्यानात येण्यास एवढे पुरेसे आहे. गेल्या नव्वद वर्षांतील साऱ्या सुधारणा या दोन टोकांमधील जागेत झालेल्या आहेत.

या गाठीला छापील कागदावर आणि गिर्यारोहकांच्या व्यवहारात आणण्याचे श्रेय ऑस्ट्रियातील डॉ. कार्ल प्रुसिक यांना दिले जाते. हे गृहस्थ संगीताचे जाणकार आणि नाणावलेले गिर्यारोहक होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात वाद्यांच्या तुटलेल्या तारा सांधण्यासाठी त्यांनी ही गाठ प्रथम वापरली असे सांगतात. १९३१ मध्ये त्यांनी ती दोरावरून वर चढण्याचे साधन म्हणून प्रसिद्ध केली. बर्फाच्या भेगेत पडलेला माणूस दोरीची दोन लहान कडी दोराला अडकवून, एकीवर उभा राहून दुसरी वर सरकवीत, स्वतःच्या बळावर बाहेर येऊ लागला. सह्याद्रीच्या कड्यांवर चढणारी आपली मुले आजही तिला प्रुसिक याच नावाने ओळखतात.

झाडावर काम करणाऱ्यांची गरज मात्र गिर्यारोहकाहून वेगळी असते. गिर्यारोहकाला घर्षणगाठ अडचणीच्या वेळी लागते. झाडावरच्या कामगाराला ती दिवसभर, दर मिनिटाला लागते. त्याला वर जावयाचे असते, मग आडव्या फांदीच्या टोकाकडे, तेथे करवत चालवून पुन्हा मागे आणि मग खाली. अमेरिकेत रस्त्याकडेच्या झाडांची निगा राखणाऱ्या कामगारांनी यासाठी जी रीत बसविली ती अनेक दशके टिकली. तिची रचना समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील बदल तिच्यातील उणिवांतूनच निघाले.

दोर झाडाच्या वरच्या भागातील एखाद्या भक्कम बेचक्यातून पलीकडे टाकावयाचा. त्याचे एक टोक परत आपल्या कमरपट्ट्याला बांधावयाचे, पण बांधताना हातभर शेपूट मोकळे ठेवावयाचे. त्या शेपटाने दोराच्या दुसऱ्या, खाली लोंबणाऱ्या अंगावर घर्षणगाठ मारावयाची. आता माणूस जणू पाळण्यात बसला. त्याचे वजन ऐंशी किलो असेल तर ते दोराच्या दोन अंगांत वाटले जाते आणि गाठीवर साधारण निम्माच भार येतो. वर जाताना खालचे अंग ओढावयाचे आणि गाठ पुढे सरकवावयाची. खाली येताना गाठीच्या माथ्यावर हलकेच दाब द्यावयाचा. एक मीटर वर जाण्यासाठी दोर दोन मीटर ओढावा लागतो, हा त्याचा तोटा. भार निम्मा होतो, हा लाभ.

यासाठी जी गाठ वापरीत ती खाली दोन आणि वर एक किंवा दोन वेढ्यांची असे. तंबूचे दोर ताणण्यासाठी बालवीरांना शिकवितात तीच ही गाठ. दोर होता मॅनिलाचा, म्हणजे फिलिपाइन्समधील अबाका नावाच्या केळीच्या जातीच्या झाडापासून काढलेल्या तंतूंचा, तीनपेडी पिळाचा. हा दोर हाताला खडबडीत, त्यामुळे गाठ चांगली धरी. पण तो पावसात भिजला की फुगे व ताठ होई आणि आतून कुजला तरी वरून कळत नसे. पेड उकलून आतील तंतू भुरभुरीत झाले आहेत काय, हे पाहणे एवढीच त्याची परीक्षा. आपल्याकडे काथ्याचा किंवा घायपाताचा दोर वापरणाऱ्यांनाही ही परीक्षा लागू आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

गाठीचे दोषही होते. काम करताना ती हळूहळू सैल होई, तिचे शेपूट सरकत सरकत आखूड होई. म्हणून शेपटाच्या टोकाला आणखी एक गाठ मारणे आवश्यक असे आणि कामगाराला दर थोड्या वेळाने मुख्य गाठ आवळून घ्यावी लागे. वाटेत एखादी फांदी आडवी आली आणि दोर दुसऱ्या बेचक्यात टाकावयाचा झाला, तर सगळे सोडून पुन्हा बांधावे लागे. त्या मधल्या वेळात माणूस खोडाभोवती टाकलेल्या एका आखूड दोरीवर असे आणि अनेकदा तीही लावण्याचा कंटाळा करी. थकलेल्या माणसाने संध्याकाळी चार वाजता मारलेली गाठ सकाळी आठच्या गाठीसारखी नसते, हे आपण सर्व जाणतो.

दुसऱ्या महायुद्धाने दोर बदलला. १९४२ मध्ये फिलिपाइन्स जपानच्या ताब्यात गेल्यावर मॅनिलाचा पुरवठा तुटला. नायलॉनची घोषणा १९३८ मध्येच झाली होती. आता त्याचे दोर सैन्यासाठी वळले जाऊ लागले आणि युद्धानंतर ते नागरी वापरात आले. पुढे पॉलिएस्टर आले. १९५३ मध्ये जर्मनीत गाभा आणि त्यावर विणलेले आवरण अशा दोन भागांचा गिर्यारोहणाचा दोर निघाला. हे दोर कुजत नाहीत, त्याच जाडीत कितीतरी अधिक भार घेतात. परंतु नव्या धाग्याने एक नवे संकट आणले. मॅनिला घासला गेला तर जळका वास येतो, तो वितळत नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर सुमारे २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतात. कामगार घाईने सरसर खाली आला की गाठीतील वेढे तापतात, त्यांच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते. चकाकी आलेली दोरी पुढच्या वेळी नीट धरीत नाही. गुळगुळीत नव्या दोरावर जुनी गाठ सरकूही लागली. दोर सुधारला आणि गाठ मागे राहिली, असा हा काळ होता.

या सुमारास अमेरिकेत एक घटना घडली. १९६८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाडाची छाटणी करताना एक तरुण मृत्युमुखी पडला. त्याच्या आईने शोक आवरून पत्रे लिहावयास घेतली. कामगार खात्याला, लोकप्रतिनिधींना, व्यवसायातील संघटनांना तिने एकच गोष्ट विचारली: या कामासाठी सुरक्षिततेचे नियम का नाहीत? त्या पत्रव्यवहारातून समिती नेमली गेली आणि १९७२ मध्ये झाडांवरील कामाच्या सुरक्षिततेचे पहिले राष्ट्रीय मानक मंजूर झाले. झेड १३३ या क्रमांकाने ते ओळखले जाते आणि वेळोवेळी सुधारून आजही लागू आहे. कचेरीत आलेल्या पत्रावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारण्यापूर्वी मला कधी कधी या बाईंची आठवण होते.

१९७६ पासून या व्यवसायातील लोकांच्या आरोहणस्पर्धाही सुरू झाल्या. झाडावर जखमी होऊन अडकलेल्या सहकाऱ्याला खाली कसे आणावे, हा त्यांतील एक महत्त्वाचा भाग. स्पर्धेच्या निमित्ताने एका प्रांताचा माणूस दुसऱ्या प्रांताच्या माणसाची गाठ पाहू लागला. असे मेळावे नसते, तर प्रत्येक तुकडीचा मुकादम आपल्या गुरूकडून शिकलेली एकच गाठ जन्मभर मारीत राहिला असता.

आता मी ज्या प्रकरणाकडे येत आहे ते माहितीच्या क्षेत्रात काम करणारा म्हणून मला विशेष वाटते. हाइन्त्स प्रोहास्का नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी १९८१ मध्ये तेथील पर्वत-मार्गदर्शकांच्या नियतकालिकात एका नव्या घर्षणगाठीची माहिती दिली. दोराभोवती चार वेढे वर चढवावयाचे आणि दोरीचे टोक खाली आणून, दोराच्या मागून, पहिल्या दोन वेढ्यांखालून बाहेर काढावयाचे, अशी तिची बांधणी. ही गाठ जुन्या गाठीपेक्षा स्थिर राहते, तिला वारंवार आवळावे लागत नाही, आणि ती दोराच्या स्वतःच्या शेपटानेही मारता येते. झाडावरच्या कामगाराला जे हवे होते नेमके तेच. पण तो अंक त्याच्या हाती पडण्याचा संभव नव्हता. १९९० मध्ये प्रोहास्कांनी तीच गाठ गुहासंशोधकांच्या एका इंग्रजी नियतकालिकात दिली. तेथेही ती गुहेतच राहिली म्हणावयाची. मग जेसन ब्लेक नावाच्या आरोहकाने हीच गाठ स्वतंत्रपणे शोधली आणि १९९४ मध्ये वृक्षव्यवसायाच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून ती कळविली. तेव्हा मात्र ती झपाट्याने पसरली, आणि आज जगभर ‘ब्लेकची गाठ’ म्हणूनच ओळखली जाते.

तेरा वर्षे, मित्रहो! गाठ छापलेली होती, आकृती उपलब्ध होती, आणि तरीही ती जुनी सरकणारी गाठ मारून लोक झाडावर चढतच होते. नाव कोणाचे लागावे, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. माहिती छापली म्हणजे पोहोचली, असे आम्ही माहिती खात्याची माणसे समजतो, त्यावर हा मोठा खुलासा आहे. ज्याच्या हातात दोर आहे तो जे वाचतो, किंवा त्याचा मुकादम जे ऐकतो, तेथवर ती गेली पाहिजे.

यानंतर बदलांना वेग आला. शेपटाने गाठ मारण्याऐवजी गाठीसाठी दोरीचा वेगळा आखूड तुकडा वापरण्याची पद्धत रुळली. ही सुधारणा दिसण्यात क्षुल्लक आहे, माझ्या मते मात्र फार मोलाची. दोराचे टोक आता कडीने कमरपट्ट्याला अडकविले जाते. फांदी ओलांडताना कडी काढून पुन्हा लावली की झाले, गाठ जशीच्या तशी दोरावर राहते. शिवाय सर्वांत अधिक झिजतो तो गाठीचा भाग. तो झिजला की हातभर तुकडा टाकून द्यावयाचा. चाळीस-पन्नास मीटरचा सबंध दोर कापावा लागत नाही. स्वस्त वस्तू बदलण्यास माणूस मागेपुढे पाहत नाही, आणि काटकसरीपायी जीव धोक्यात घालण्याचा मोह त्यामुळे कमी होतो.

युरोपातील आरोहकांनी या तुकड्याच्या दोन्ही टोकांना डोळे करून दोन पायांवर भार वाटणाऱ्या गाठी प्रचारात आणल्या. इटलीच्या आओस्ता खोऱ्यावरून वाल्दोतें, जर्मनीच्या श्वाबन प्रांतावरून श्वाबिश, तशीच डिस्टेल, अशी त्यांची नावे आहेत. भार काढताच त्या चटकन मोकळ्या होतात. गाठीखाली एक लहान कप्पी बसविली की खालचा दोर एका हाताने ओढताच कप्पी गाठीला वर ढकलते. दुसरा हात फांदी धरण्यास मोकळा राहतो. उष्णतेवर उपाय म्हणून या तुकड्यांत अरामिड जातीचे तंतू वापरू लागले. ते वितळत नाहीत. ४५० अंशांपलीकडे जाऊन मग कोळपू लागतात. मात्र सतत दुमडणे आणि कडक ऊन त्यांना मानवत नाही, म्हणून पॉलिएस्टरशी त्यांचे मिश्रण करतात. दोषरहित धागा अद्याप कोणी काढलेला नाही.

यात झाडाचाही विचार झाला, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे. चालता दोर बेचक्यात घासला की साल सोलली जाते आणि सालीखालचा वाढीचा कोवळा थर जखमी होतो. म्हणून बेचक्यात दोन कड्यांचा पट्टा किंवा चामड्याची नळी बसवून त्यातून दोर नेण्याची प्रथा पडली. घर्षण दर वेळी सारखे राहिल्याने गाठीचे वागणेही त्यामुळे सुधारले. पूर्वी बुटाला पोलादी काटे लावून खोडावर चढत. आता जिवंत राखावयाच्या झाडाच्या छाटणीसाठी ते वापरू नयेत, असा दंडक अमेरिकेतील मानकांत आहे. तोडावयाच्या झाडासाठी त्यांना मुभा आहे. दोर सुधारला नसता तर काटे सोडण्याची सक्ती कोणी मानली नसती.

पुढचा टप्पा एकेरी दोराचा. दोर वर पक्का बांधून एकाच अंगावरून चढावयाचे, म्हणजे एक मीटरला एकच मीटर. पायांचे बळ वापरता येते, उंच झाडावर श्रम वाचतात. परंतु येथे गाठीवर निम्मा नव्हे, संपूर्ण भार येतो. खाली येताना ती एक तर आवळून बसते किंवा तापून जळते. अनेक वर्षे हा अडसर होता. २०१० च्या सुमारास केविन बिंगहॅम या अमेरिकन आरोहकाने गाठीच्या वर बसणारे एक छोटेसे धातूचे साधन काढले. भार येताच ते दोराला किंचित वाकविते आणि त्या वाकणातच काही घर्षण खर्ची पडते. उरलेला भार गाठीला पेलण्याजोगा होतो. मघाच्या खुंटाचीच ही युक्ती. फक्त खुंट आता आरोहकाबरोबर चालतो.

गाठीची जागा सबंध यंत्राने घ्यावी असेही प्रयत्न झाले, आणि साखळीसारख्या दुव्यांची साधने बाजारात आली. त्यांत वेढे घालण्यात चूक होण्याचा प्रश्न उरत नाही. परंतु २०१३ मध्ये एका नामांकित युरोपीय कारखान्याला अशी आपली साधने, धातूत चिरा आढळल्यामुळे, वापरणाऱ्यांकडून परत मागवावी लागली. धातूच्या साधनालाही रोजची पाहणी चुकत नाही. दोरी मात्र झिजताना दिसते, हा तिचा मोठा गुण आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून उंचीवरील कामासाठी स्वतंत्र नियम आहेत. आणि अलीकडच्या व्यवसाय-संहितेने झाडावरील माणसाला एका दोराबरोबर दुसरा राखीव दोरही असावा अशी अपेक्षा ठेवली आहे.

या दोरांनी केवळ फांद्याच छाटल्या गेल्या असे नाही. वडील मूळचे भारतीय असलेल्या डॉ. नलिनी नाडकर्णी या अमेरिकेतील शास्त्रज्ञ कोस्टारिकाच्या आणि वॉशिंग्टन राज्याच्या अरण्यांत दोराने झाडांच्या शेंड्यापर्यंत गेल्या. उंच फांद्यांवर साचलेल्या मातीत झाडे आपली स्वतःचीच मुळे सोडतात, हे त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. जमिनीवर उभे राहून ते दिसणे शक्य नव्हते. २०१५ मध्ये अशाच कामात त्या सुमारे पन्नास फुटांवरून पडल्या, गंभीर जखमी झाल्या, आणि बऱ्या होऊन पुन्हा कामास लागल्या. जगातील सर्वांत उंच म्हणून ज्ञात असलेल्या कॅलिफोर्नियातील रेडवुडची उंचीही २००६ मध्ये, माणसाने शेंड्यावर चढून, फीत खाली सोडून मोजली. ती ११५ मीटरांहून अधिक भरली.

आता आपल्याकडे वळू. कोकणात आणि गोव्यात झाडावर चढणारा माणूस म्हटले की नारळ-पोफळीवर चढणारा पाडेली डोळ्यांपुढे येतो. येथे एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. नारळाला फांदी नाही, बेचके नाही. वर दोर टाकण्यास जागाच नाही. त्यामुळे आतापर्यंत वर्णिलेली पाळण्याची रीत तेथे लागू पडत नाही. तथापि घर्षणगाठ लागू पडते. कमरपट्ट्यापासून निघून खोडाभोवती जाणारा दोर घर्षणगाठीने कमी-जास्त करता येतो. खोड वर निमुळते होत जाते तसा तो आखूड करता येतो, आणि पाय सुटला तरी माणूस खोडाला लागून राहतो. पायऱ्यांसाठी नारळाच्या खोडात खाचा घेण्याची जुनी चाल अनेक ठिकाणी आहे. आंब्या-फणसाची जखम कालांतराने भरून येते. नारळाच्या खोडात तो वाढीचा थरच नसल्याने खाच जन्मभर तशीच राहते. केरळात दोन्ही पायांनी चालवावयाची चढण्याची साधने शेतकऱ्यांच्याच कल्पकतेतून निघाली, आणि नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तेथे तरुणांना ती शिकविण्याचा कार्यक्रम विम्यासह सुरू केला. त्यात स्त्रियांनीही भाग घेतला.

वड, पिंपळ, आंबा, चिंच, गुलमोहर यांच्यासाठी मात्र पाळण्याची रीत पुरेपूर उपयोगी आहे. १९७५ च्या अधिनियमाने नागरी भागातील झाडांचे रक्षण वृक्ष प्राधिकरणाकडे आले; झाड तोडावयास परवानगी लागते हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. त्याच कागदावर आणखी दोन-चार ओळी घालण्यास कोणाची हरकत असू नये. चढणाऱ्याकडे भारतीय मानक आय. एस. ३५२१ प्रमाणे पट्टा आहे काय? ते मानक कारखान्यांतील व बांधकामांवरील पट्ट्यांसाठी आहे, झाडावर बसून काम करण्यास पट्टा त्याहून सोयीचा लागतो. पण काहीच नसण्यापेक्षा तेथून आरंभ करावा. दोर चढण्यासाठीच राखून ठेवलेला आहे, की त्यानेच कालपर्यंत ओंडके ओढले? खाली जो मदतनीस उभा आहे त्याला स्वतः वर चढून जखमी माणसाला उतरविता येते काय? हा शेवटचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण झाडावर बेशुद्ध होऊन लटकलेल्या माणसाला अग्निशमन दलाची गाडी पोहोचेपर्यंतचा वेळ मिळेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात वाचून कळते पण अंगवळणी पडावयास वेळ लागतो. घसरताना माणूस हाताला येईल ते घट्ट पकडतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर असते ती गाठ. गाठीचा माथा मुठीत आला की वेढे मोकळे होतात. वाचविणारी वस्तू त्याच्याच हाताने निकामी होते. म्हणून शिकाऊ माणसाला प्रथम जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, शंभर वेळा, हात गाठीवरून काढून घेण्याची सवय लावतात. दोराच्या खालच्या टोकालाही एक अडगाठ हवी; दोर आखूड पडून गाठ टोकावरून निसटल्याने झालेले अपघात सर्व देशांत आहेत.

समोरच्या टेबलावर तेरा मिलिमीटरचा एक दोर आणि आठ मिलिमीटरच्या दोरीची काही कडी ठेवली आहेत. दोर वरच्या तुळईला बांधलेला आहे. बारीक दोरी अधिक चांगली धरते, पण तितकीच लवकर झिजते व कमी भार घेते. म्हणून आठहून बारीक मी आणलेली नाही. आपल्यापैकी ज्यांना प्रुसिकची गाठ मारून पाहावयाची असेल त्यांनी पुढे यावे. प्रथम दोन वेढे घालून ओढून पाहा, मग तिसरा घाला. शिक्षकांनी एक-एक कडे शाळेत न्यावे. ती परत करण्याची आवश्यकता नाही.